दुब्रिव्का : डावीकडे चार किलोमीटर

कोणतेही निरीक्षण नोंदवण्यापूर्वी निरीक्षकाने आपले हितसंबंध उघड करावेत, असे मी दुब्रिव्काच्या शाळेत एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना सांगत आलो. तेव्हा आधी माझे सांगतो. माझी मुलगी तैसिया झ्लाता मार्किव्नाच्या बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर आहे. कारखाना गावात राहिला तर तैसिया राहील. कारखाना गेला तर ती पुन्हा पोलंडला जाईल, आणि दर रविवारी माझ्यासमोर बसून मी रांधलेल्या बोर्शला, म्हणजे बिटाच्या सूपला, नावे ठेवणारे कोणी उरणार नाही. पुढे लिहिलेले सर्व काही वाचकाने हे लक्षात ठेवून पारखून घ्यावे.

प्रांताचा स्पर्धाक्षमता निर्देशांक ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात प्रसिद्ध झाला. अठ्ठावन्न गावगटांत आमचा क्रमांक अठ्ठावन्नावा होता. यादीच्या वरच्या अर्ध्या भागातील गावांना पुनर्बांधणी निधीतून कामे मिळणार होती, कारण ज्यांच्यात पुढे जाण्याची ताकद आहे त्यांच्यावरच पैसा लावावा असे धोरण ठरले होते. खालच्या अर्ध्या भागाला दोन दिवसांचे शिबिर मिळणार होते. विषय होता ‘स्थानिक धोरणाचा विचार कसा करावा’. शिबिरात प्रत्येकाला एक वही आणि एक पेन मिळते. पेन चांगले असते, असे मागच्या वर्षी जाऊन आलेल्यांकडून ऐकले.

आम्हाला पेन नको होते, पूल हवा होता. आमचा जुना पूल हल्ला करून आलेली फौज युद्धाच्या पहिल्या मार्चमध्ये परत जाताना उडवून गेली. त्यानंतर गावाने इर्जिक घालून, म्हणजे सगळ्यांनी मिळून, जेवणाखेरीज कसलाही मोबदला न घेता, अकरा दिवसांत दुसरा उभा केला. त्यासाठी तीन कोठारांच्या तुळया आणि रेल्वेचे जुने रूळ वापरले. मी त्याची भारक्षमता मोजली आणि खांबावर रंगवली: पाच टन. झ्लाता मार्किव्नाचा पोलादी पत्रा वीस टनांच्या ट्रकमधून येतो. म्हणून ट्रक पलीकडच्या काठावर रिकामा करायचा आणि पत्रा तिखोनच्या ट्रॅक्टरने खेपा घालून अलीकडे आणायचा. याला दीड दिवस लागतो, आणि तिखोनने आदल्या दिवशी नातलगाचे लग्न साजरे केले असेल तर अडीच.

झ्लाता मार्किव्ना युद्धामुळे खार्किवहून तेरा यंत्रे आणि एक मांजर घेऊन आमच्याकडे आली होती. आमच्या सांस्कृतिक भवनात तिने एकतीस माणसांना काम दिले. आता देशाच्या पश्चिम टोकाच्या झाकार्पात्याच्या डोंगरातून तिला निरोप आला होता: मोठी शेड, चांगला रस्ता, वर्षभर भाडे नाही. पूल मंजूर झाल्याचा कागद एक ऑक्टोबरपर्यंत हातात पडला नाही तर मी निघाले, असे तिने गावप्रमुख मेलान्या पेत्रिव्नाला सांगून ठेवले होते. त्यात धमकी नव्हती. ती बाई वेळापत्रक सांगते तसेच सगळे सांगते.

मेलान्या पेत्रिव्ना निर्देशांकाचा कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. ती माझी विद्यार्थिनी. शासकीय कागद समोर आला की ती अजूनही नववीतल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसते.

“होर्दी साव्होविच, हे वाचा. आणि वाचताना हसू नका.”

मी वाचले. कार्यरत उद्योग: शून्य. नोकरीत असलेल्या व्यक्ती: शून्य. किरकोळ विक्री: आढळली नाही. आणि शेरा असा: ‘वस्तीत एक बेवारस कुत्रा, स्वभावाने मैत्रीपूर्ण.’

मी हसलो नाही. मोजमाप इतके चुकीचे असेल तर ते बहुधा दुसऱ्याच कशाचे तरी अचूक मोजमाप असते. मी निधीच्या कार्यालयाला पत्र लिहून पद्धत विचारली आणि छायाचित्रांची जोडपत्रे मागवली. नऊ दिवसांनी उत्तर आले. पाहणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन झाली होती. सीमा चाळीस किलोमीटरवर असून युद्धामुळे संकेत अडवले जात असल्याने उपग्रहावरचे स्थान तिथे भरवशाचे नसते, म्हणून पाहणी करणाऱ्याने रस्त्यावरील अधिकृत पाट्यांचा आधार घेतला होता. कार्यालयाचे एवढे तरी बरोबर होते. आमच्याकडे फोनवरचा नकाशा माणसाला कधी तळ्याच्या मधोमध उभा करतो, तर कधी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या विमानतळावर.

छायाचित्रात सिमेंटच्या गव्हाण्यांची लांब रांग होती, छत कोसळलेले होते आणि कुत्रा होता. गव्हाण्या मी ओळखल्या. ती जागा म्हणजे कुजका कोपरा, सामुदायिक शेतीच्या काळातला डुकरांचा फार्म. तिथे तीस वर्षांत डुक्कर नाही.

“पाटी,” मी म्हणालो.

मेलान्या पेत्रिव्नाने डोळे मिटले. “अरे देवा. पाटी.”

आता पाटीविषयी सांगणे भाग आहे. युद्ध सुरू झाले त्या फेब्रुवारीत, पहिल्याच सकाळी, महामार्गाच्या तिठ्यावर मेलान्या पेत्रिव्ना शिडीवर चढली, मी शिडी धरली, आणि बाविसाच्या पान्याने तिने ‘दुब्रिव्का ४’ ही पाटी उजवीकडून डावीकडे फिरवली. कोन मी काढून दिला होता, एकशे दहा अंश, म्हणजे पाटी ओढूनताणून वळवल्यासारखी दिसू नये. उजवीकडचा रस्ता पुलावरून गावात येतो. डावीकडचा कुजक्या कोपऱ्याला जातो आणि त्यापुढे दलदलीत संपतो. त्याच दुपारी शत्रूच्या दोन चिलखती गाड्या डावीकडे वळल्या. त्यातली एक अजून तिथेच आहे. उन्हाळा कोरडा गेला तर तिची अँटेना दिसते.

ती पाटी परत कोणी फिरवली नाही. गावकऱ्यांना पाटी लागत नाही, आणि पाहुण्यांना आम्ही फोनवर सांगतो, “पाटी दाखवते त्याच्या उलट या.” पहिल्या वर्षी ग्रामसभेने ठराव करून टाकला की युद्ध संपेपर्यंत पाटीला हात लावायचा नाही. टपालवाला, औषधवाला, दूध नेणारा टँकर सगळे उलट वळतात. आपण पाटी शत्रूला चकवण्यासाठी फिरवली हे आम्हाला चांगले आठवत होते. आपले सरकार पाट्या वाचते, हे मात्र कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते.

अपील झाले आणि कार्यालयाने फेरपाहणी मान्य केली. सोळा ते वीस सप्टेंबरच्या दरम्यान कोणत्याही दिवशी, न कळवता, एक पाहणी अधिकारी येईल. निःपक्षपातीपणासाठी त्याच्याशी आधी संपर्क साधायचा नाही, त्याला वाट दाखवायची नाही, सोबत करायची नाही. तसे आढळल्यास गाव यादीतून बाद. अट योग्य होती. मी असतो तरी हीच घातली असती. अडचण एवढीच, की तो अधिकारीही पाटी वाचूनच येणार होता.

ग्रामसभा भरली. मी उभा राहून सर्वात साधा उपाय मांडला: पाच दिवसांपुरती पाटी सरळ करावी. सभा माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी कोणाच्या अंत्यविधीत गाणे म्हटले होते.

“सरळ म्हणजे कुणासाठी सरळ?” तिखोन मागच्या बाकावरून म्हणाला. “मास्तर, पलीकडे अजून तेच शेजारी राहतात. घर बदललं असेल तर सांगा.”

हात वर झाले तेव्हा माझ्या बाजूने माझा एकच होता. तैसियाचासुद्धा विरुद्ध गेला. नंतर ती मला म्हणाली, “बाबा, मला इथे राहायचंय. पण त्या पाटीच्या जिवावर नाही.” मी तिला तर्कातील दोष दाखवणार होतो, पण तिच्या तर्कात दोष नव्हता.

सभा संपत आली तेव्हा मेलान्या पेत्रिव्ना उठली. निधीच्या कागदावर बोट ठेवून ती उभी राहिली. फळ्यापाशी उत्तर आठवत नसताना ती अशीच उभी राहायची, आणि मग नियमात न बसणारे पण बरोबर उत्तर द्यायची.

“सरकार म्हणतं दुब्रिव्का कुजक्या कोपऱ्यात आहे,” ती म्हणाली. “लेखी म्हणतं, शिक्क्यासहित. आपण कोण सरकारला खोटं पाडणारे? पाटी हलवता येत नाही. गाव हलवू.”

मी आक्षेप घेतला. ही फसवणूक आहे असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. राणीच्या वाटेवर पुठ्ठ्याची गावे उभी केल्याची कथा याच देशात सांगतात, याचीही आठवण करून दिली. ती म्हणाली, पुठ्ठा कुठे आहे? यंत्रे खरी, माणसे खरी, पगार खरे, दूध खरे. फक्त जागा सरकारच्या सोयीची. मी विचारले, आणि माणसे मोजताना शेजारच्या तेरेश्की गावातून चार मावश्या आणून बसवल्या तर? यावर तिने माझ्याच हातात वही दिली. यादी तुम्हीच करा, म्हणाली. तुमच्या यादीबाहेरची एक शेळीसुद्धा नदी ओलांडणार नाही.

अशा रीतीने मी ज्या कृत्याला विरोध केला, त्याचा लेखापरीक्षक झालो. यादीत चौदा उद्योग भरले: बॉयलरचा कारखाना, दूध संकलन केंद्र, दोन दुकाने, औषधांचे दुकान, बेकरी, मधाच्या बाटल्या भरणारा, न्हावीण, आणि असेच इतर. पंधरावा म्हणून तिखोनने आपली घरगुती दारू सुचवली. नोंदणी नसल्याने मी ती खोडली. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

राहिली झ्लाता मार्किव्ना. जत्रेत पाल ठोकायला माझ्याकडे वेळ नाही, असे तिने पहिल्याच वाक्यात सांगितले. मेलान्या पेत्रिव्नाने तिला निदान जागा तरी बघा म्हणून गाडीत घातले, आणि मोजमापासाठी मला. कुजक्या कोपऱ्यात तीन शेड आहेत. छायाचित्रात आलेली पहिली. दुसरीही पडलेली. तिसरीच्या छताला भोके असली तरी भिंती शाबूत. एका शेडवरून गावाचा निष्कर्ष काढणाऱ्याने निदान तिन्ही पाहायला हव्या होत्या, असे माझे मत झाले आणि मी ते टिपून ठेवले.

झ्लाता मार्किव्ना तिसऱ्या शेडमध्ये गेली. तिने टाच दोनदा सिमेंटच्या जमिनीवर आपटली.

“किती जाड?”

“पंचवीस सेंटीमीटर,” मी म्हणालो. “अठ्ठ्याहत्तर साली टाकली. खाद्याची यंत्रं बसवायची होती. ती आलीच नाहीत.”

तिने वर पाहिले, मग दाराबाहेर, जिथून महामार्गापर्यंत जुना सिमेंटचा रस्ता सरळ जात होता. मध्ये नदी नव्हती, पूल नव्हता, तिखोन नव्हता. ती म्हणाली, “सगळी यंत्रं नकोत. सात आणा. आणि मंगळवारी पत्र्याचा ट्रक येणार आहे, त्याला पाटी दाखवते तसाच ये म्हणून सांगते. निदान एका माणसाला तरी सरळ पत्ता देता येईल.”

शनिवारी सकाळी इर्जिक लागली. अशा कामात आमच्या गावाला कोणी शिकवायला लागत नाही. पेन मिळत नाही हेही बरे. यंत्रे सुटी करून पाच टनांच्या आतले भाग पुलावरून नेले. ताडपत्र्या छतावर ताणल्या. गव्हाण्या घासून धुतल्या. बेकरीवालीने पावांसाठी त्याच पसंत केल्या, उंची बरोबर आहे म्हणाली. बायकांनी बटाट्याच्या धिरड्यांची, म्हणजे देरुनींची, चार घमेली तळली. दोनदा हवाई हल्ल्याचा भोंगा झाला आणि दोन्ही वेळा सगळे गाव शेणनळ्यांच्या खंदकात उतरून धिरडी खात बसले. कुत्रा आधीपासून तिथे होता. त्याला यादीत कुठे घालावे यावर थोडी चर्चा झाली.

सोमवारी सकाळी सात वाजता दुब्रिव्काची अर्थव्यवस्था कुजक्या कोपऱ्यात सुरू झाली.

मी गेलो नाही. प्रत्येक प्रयोगात एक नमुना तुलनेसाठी, काहीही न बदलता, मूळ जागी ठेवावा लागतो. तो नमुना मी झालो. शाळेचा वायुभारमापक बंद दुकानाच्या खिडकीत ठेवला, समोरच्या बाकावर बसलो आणि रिकाम्या गावाची दर तासाची नोंद घेऊ लागलो. सोमवारी: काही नाही. मंगळवारी: काही नाही, दुपारी तैसियाचा फोन, वीस टनांचा ट्रक थेट शेडच्या दारात लागला आणि चाळीस मिनिटांत रिकामा झाला. झ्लाता मार्किव्ना घड्याळ हातात धरून उभी होती, असे ती म्हणाली. ती बाई एरवी घड्याळ मनगटावर ठेवते.

बुधवारी दहा वाजून वीस मिनिटांनी पुलावरून एक हिरवी लानोस आली.

गाडीतून एक तरुण मुलगी उतरली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तिने बंद दुकानाकडे पाहिले, बंद औषधालयाकडे पाहिले, सांस्कृतिक भवनाच्या कुलपाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे आली. ओळखपत्रावर नाव होते युस्तिना, आणि खाली निधीच्या कार्यालयाचा शिक्का. माझी नाडी त्या वेळी मिनिटाला एकशे चार होती. मी ती नंतर मोजली, म्हणजे प्रत्यक्षात अधिकच असणार.

“आजोबा, दुब्रिव्का हेच ना?”

“हेच.”

“मग लोक कुठे आहेत?”

या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे वाट दाखवणे, आणि वाट दाखवली तर गाव बाद. उत्तर न देणे म्हणजे पुन्हा शून्य. मी म्हणालो की पाहणीच्या अटींनुसार मला तिला काहीही दाखवता येत नाही.

“तुम्ही ग्रामपंचायतीचे?”

“नाही. तुलनेसाठी ठेवलेला नमुना.”

तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. मग टॅब उघडून ती भरू लागली. माझी दृष्टी लांबचे वाचण्यास चांगली आहे. कार्यरत उद्योग या रकान्यात तिने शून्य लिहिले. नोकरीतील व्यक्ती, शून्य. दुसऱ्या शून्याला माझ्या डोळ्यांपुढे तैसियाची पत्र्याची पेटी आली, पोलंडहून आणलेली, जी तिने अजून माळ्यावर टाकलेली नाही, दाराशेजारीच ठेवली आहे.

“एक विचारू?” मी म्हणालो. “माझा प्रश्न पाहणीबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. तुम्ही पाटी वाचून आलात का?”

“वाचली. आणि उलट वळले.” ती पहिल्यांदा हसली. “माझा मामा तेव्हा इथल्या राखीव दलात होता. पाटीची गोष्ट तो प्रत्येक लग्नात सांगतो. शिडी धरणारा कुणी मास्तर होता म्हणे, कोनमापक घेऊन आलेला.”

“कोनमापक नव्हता. कोन तोंडी काढला होता.”

तिची बोटे थांबली.

“पाटी खोटी आहे, आजोबा. सगळ्या प्रांताला माहीत आहे.”

“होती,” मी म्हणालो. “सोमवारपासून खरी आहे.”

“म्हणजे सरळ केलीत?”

“पाटीला कुणी हात लावलेला नाही.”

तिने रिकाम्या रस्त्यावर नजर टाकली. बेकरीच्या दारावर खडूने लिहिले होते, ‘पाव तिकडे.’ ही बेकरीवालीची स्वतःची कल्पना. मी सोमवारीच तिला फोन करून निषेध नोंदवला होता.

“तुम्ही पाटी फिरवली नाहीत,” युस्तिना सावकाश म्हणाली. “गाव फिरवलंत.”

मी वायुभारमापकाकडे पाहिले: सातशे एक्कावन्न मिलिमीटर, स्थिर.

तिने टॅब छातीशी धरला. म्हणाली, “हे मी कुठल्या रकान्यात घालू?”

“पाहणीत मी हस्तक्षेप करू शकत नाही. पण तुमच्या नमुनापत्राच्या तिसऱ्या पानावर ‘स्थलांतरित उद्योग’ असा एक रकाना आहे.”

“त्याला तिप्पट गुण आहेत.”

“ते मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो, आणि हे खरे आहे. पद्धतीचे जोडपत्र मला पाठवताना त्यांनी गुणांचे पान वगळले होते.

ती गाडीत बसली, पुलावरून परत गेली आणि तिठ्यावर, पाटी दाखवत होती तिकडे वळली. पुढचे मला तैसियाने सांगितले. युस्तिनाने प्रत्येक उद्योगाची नोंदणी तपासली, प्रत्येकाचे ओळखपत्र पाहिले, न्हाविणीला विचारले की आरसा कुठे आहे, आणि आरसा येईपर्यंत थांबली. शेळ्याही मोजल्या. यादीशी एकही आकडा चुकला नाही. मग तिने बेकरीवालीकडून एक पाव विकत घेतला, त्याची पावती मागितली आणि किरकोळ विक्रीच्या रकान्यात ती जोडली. जाताना मेलान्या पेत्रिव्नाला म्हणाली, “तुमचा नमुना बाकावर बसलाय. त्याला कुणी जेवायला नेलं का?”

निकाल सव्वीस तारखेला आला. दुब्रिव्का तिसरी. चौदा उद्योगांचे सरासरी सात पूर्णांक सात दशांश किलोमीटर स्थलांतर एका आठवड्यात झाल्याचे प्रांतात दुसरे उदाहरण नव्हते. एवढेच नव्हे, तर निधीच्या पत्रकात आमच्या ‘स्थानिक लवचिकतेचे’ कौतुक होते, आणि खालच्या अर्ध्या भागासाठीच्या शिबिरात मेलान्या पेत्रिव्नाने धोरणावर व्याख्यान द्यावे, अशी विनंती. पेन तिला वक्ता म्हणून मिळणार होते.

मी आक्षेपाचे पत्र लिहिले. क्रमांक तिसरा नव्हे, माझ्या हिशेबाने सोळावा यायला हवा. स्थलांतराची गुणपद्धती अंतर विचारात घेत नाही, ही गंभीर त्रुटी आहे. मेलान्या पेत्रिव्नाने ते पत्र माझ्या हातातून काढून घेतले.

“होर्दी साव्होविच, तुम्ही मला भौतिकशास्त्रात नापास केलं होतंत. मी तेव्हा काही बोलले का?”

“नापास नाही. पाचपैकी तीन. तीन म्हणजे पास.”

“मग सोळा आणि तीन दोन्ही पास. पत्र ऑक्टोबरात टाका.”

मी ऑक्टोबरात टाकले. उत्तर आले की निर्देशांक मंजूर झालेला असल्याने अचूक आहे.

एक ऑक्टोबरला झ्लाता मार्किव्नाने आम्हा दोघांना बोलावले. ती तिसऱ्या शेडमध्ये उभी होती, सात यंत्रांमध्ये. पूल मंजूर झाल्याचा कागद मेलान्या पेत्रिव्नाने तिच्यापुढे धरला. तिने तो वाचलाही नाही.

“पूल बांधायला दोन वर्षं लागतील,” ती म्हणाली. “मला पूल नको. हे छत हवं. त्या पैशात छत आणि विजेची मोठी जोडणी होते का ते विचारा. उरलेली सहा यंत्रं मी इकडे आणते. झाकार्पात्याला काल नाही म्हणून कळवलं.”

मी विचारले, कारण काय नोंदवू? ती म्हणाली, “चाळीस मिनिटं.”

मांजर तोवर येऊन गव्हाणीत झोपले होते. कुत्र्याने ते मान्य केलेले दिसले.

तेव्हा कुठे गावाच्या ध्यानात आली ती गोष्ट, जी मला बुधवारीच सुचायला हवी होती आणि सुचली नाही. हे माझ्या चुकांच्या खात्यात धरावे. पाटी आता खरी होती. सीमेकडून येणाऱ्या कोणालाही ती प्रांतातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या गावाच्या कारखान्याच्या दारात सरळ नेऊन सोडणार होती. ग्रामसभा दहा मिनिटे चालली आणि ठराव एकमताने झाला. या वेळी माझा हातही त्यात होता. हात न लावण्याच्या ठरावात दुरुस्ती करण्यात आली: पाटी खरी झाल्यास एकदा हात लावता येईल.

शनिवारी सकाळी आम्ही तिठ्यावर गेलो. मेलान्या पेत्रिव्ना बाविसाचा पाना घेऊन शिडीवर चढली. शिडी मी धरली. उजवीकडे घरे, डावीकडे कारखाना, म्हणून पाटी मधल्या जंगलवाटेकडे वळवायचे ठरले. ती वाट दोन किलोमीटरवर दलदलीच्या दुसऱ्या काठाला मिळते. कोन काढून दिला: पंचावन्न अंश.

“पुढच्या वर्षी पाहणीवाला इकडे जाईल,” मी खालून म्हणालो. “आपल्या रकान्यात बेडूक लिहील.”

“बेडूक नोंदणीकृत असतील तर लिहू दे,” वरून उत्तर आले.

तैसिया कारखान्याच्या गाडीतून उतरली, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारलेला. बोल्ट गंजला आहे, फिरत नाही, असे मेलान्या पेत्रिव्ना सांगत होती. तैसियाने वर जाऊन तेल सोडले, पाना घेतला, एका झटक्यात बोल्ट सैल केला आणि पाटी वळवली. मग पाटीकडे डोके तिरके करून पाहिले.

“कायमची वेल्ड करून टाकू का, बाबा? हलणार नाही मग.”

“नको,” मी म्हणालो. “बोल्टच राहू दे. कधीतरी सरळ करायचीय.”

तिने बोल्ट आवळला, पण फार नाही. शिडी गाडीत टाकताना म्हणाली, रविवारी येते, आणि या वेळी बीट जरा जास्त घाला, मागच्या खेपेचा बोर्श नुसता गुलाबी होता. मी तिला सांगितले की रंग हे प्रमाणाचे विश्वासार्ह मोजमाप नाही. ती म्हणाली, चव आहे.